स्क्रूवरचा लाल ठिपका

जुना रेडिओ घेऊन कोणी आमच्या दारात आलं आणि "ताई, एकदम ओरिजिनल पीस आहे" असं म्हणालं, की मी तो आधी उलटा फिरवते. तोंडाला पॉलिश कोणीही मारतं, पाठीला मारायचं कोणाला सुचत नाही. पाठीवरचे स्क्रू एकाच जातीचे आहेत की मधेच एखादा दाराच्या बिजागरीतला घुसवलाय, त्यांच्या खाचा किती झिजल्यात, हे बघितलं की समोरचा किती खरं बोलतोय ते कळतं. मग मी नाक लावते. खऱ्या जुन्या रेडिओला तापून गेलेल्या धुळीचा वास येतो. मुद्दाम जुन्या केलेल्या रेडिओला चहाच्या पाण्याचा, नाहीतर बूटपॉलिशचा.

नवरा म्हणतो, "लग्नाआधी मला उलटा फिरवून बघितलं नाहीस, नशीब माझं."

बघितलं नव्हतं कशावरून?

आम्ही दोघं बदलापूरला हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर राहतो. त्याची नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन गेली आणि रिकामं झालेलं घर हळूहळू रेडिओंनी भरलं. भंगारात निघालेले व्हॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या तापणारे रेडिओ, चार पायांचे आणि लाकडी शटरचे टीव्ही आम्ही उचलून आणतो, दुरुस्त करतो आणि हौशी लोकांना देतो. लाकूडकाम त्याच्याकडे, आतलं सगळं माझ्याकडे. हॉलमध्ये पाहुण्यांना बसायला जागा नाही, पण शटरचे टीव्ही भिंतीला टेकून ऐटीत उभे असतात. त्यातल्या एकाच्या शटरमागे नवरा शेवेची पुडी लपवतो. डॉक्टरांनी मनाई केल्यापासून हे चालू आहे, आणि मला ते ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही.

हे काम मी अंबरनाथच्या एका कारखान्यात शिकले. टीव्ही जोडणाऱ्या बायकांच्या लाईनीत मी बरीच वर्षं बसले. तपासून झालेला सेट बंद केला की स्क्रूवर लाल लाखेचा थेंब टाकायचा, अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या पाठीवर. स्क्रू कोणी जरा जरी फिरवला तरी थेंब चिरतो आणि चोरी उघडी पडते. लाख संपली की आमच्यातली कोणीतरी पर्समधून नेलपॉलिश काढायची. कारखाना बंद पडला, पण सवय हाताला राहिली. आजही मी बंद केलेल्या प्रत्येक सेटच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचे ठिपके असतात. काही महिन्यांनी गिऱ्हाईक "ताई, मी हातसुद्धा लावला नाही, आपोआप बंद पडला" म्हणत आलं, की मी चिरलेला ठिपका त्याच्यासमोर धरते. त्यानंतर चहा होतो, गप्पा होत नाहीत.

कारखान्याबाहेरचे माझे पहिले ठिपके बाबांच्या रेडिओवर पडले. माझं माहेर कुळगावचं, इथून रेल्वे ओलांडली की आलंच. बाबांची भातशेती होती. दिवसभर शेतात आणि संध्याकाळी रेडिओसमोर, असा त्यांचा नेम. रेडिओची जागा देवघराशेजारच्या फळीवर होती. खंडेनवमीला कोयते, विळे, नांगराचा फाळ यांच्या ओळीत रेडिओलाही बसवायचे आणि आई आपल्या करंड्यातलं कुंकू सगळ्यांना सारखं लावायची. त्याचं एक बटण फुटलं तेव्हा बाबांनी मोडक्या कोयत्याची मूठ कापली, घासली आणि तिथे लाकडाचं बटण बसवलं. बाकीची बटणं गुळगुळीत, हे एकटंच ओबडधोबड.

कारखान्यात लागले त्या वर्षी मी तो रेडिओ उघडून साफ केला आणि पाठ बंद करून स्क्रूंवर मोठ्या ऐटीत नेलपॉलिश लावली. माझा मोठा भाऊ, दादा, शेजारी उभा राहून बघत होता.

"ह्ये कशाला गो?" त्याने विचारलं.

"असू दे. लावायचं असतं," मी म्हटलं. कारखान्यातलं ज्ञान शेतकऱ्याला कोण समजावत बसणार!

पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही काही वर्षं बडोद्याला होतो. त्या काळात आई गेली आणि मग बाबांनी अंथरूण धरलं. मोतीबिंदूमुळे त्यांना धड दिसत नव्हतं, पण फोनवर दर वेळी सांगायचे, रेडिओ ऐकतोय, मजेत आहे. ते गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, मी रेडिओकडे बघितलंही नाही. दिवसकार्य उरकून परत गेले आणि महिन्याभराने पुन्हा आले, तर फळी रिकामी.

"भंगारात दिला," दादा दुसरीकडे बघत म्हणाला. "बिघडला व्हता."

बाबा शेवटपर्यंत ज्यावर गाणी ऐकत होते तो रेडिओ ते जाताच बिघडतो कसा? जुने व्हॉल्व्ह विकत घेणारे तेव्हा गावोगाव हिंडत होते. मी मनाशी हिशेब जुळवला. दादाने आतले व्हॉल्व्ह काढून विकले आणि खोका फेकून दिला. त्याने खुलासा केला नाही, मी मागितला नाही. बदलापूरला परत राहायला आल्यावरही मी भाऊबीजेला जायचे, ओवाळायचे, जेवायचे आणि निघायचे. रुळांच्या पलीकडे सख्खा भाऊ राहतो आणि दोघांत बोलायला पाऊसपाण्याशिवाय विषय नाही, अशी वर्षं गेली.

मध्यंतरी वहिनीचा फोन आला. त्यांच्या मुलाने दोघांना कायमचं पुण्याला बोलावलं होतं. रविवारी टेम्पो येणार होता. "त्याआधी येऊन जा," वहिनी म्हणाली. "ते रोज विचारतात."

फोन ठेवून मी नवऱ्याला सांगितलं, "मी जाणार नाही. एवढ्या वर्षांत विचारलं नाही, आणि आता रोज विचारतो? काहीतरी हवं असणार."

"काय हवं असणार?"

घराच्या कागदावर सही म्हणावी, तर ती मी बाबा गेले त्याच वर्षी दिली होती. दुसरं कारण सापडेना, म्हणून माझा संशय आणखी वाढला.

"हे बघ," नवरा म्हणाला, "या वयात गेलेला माणूस परत येत नसतो. एकुलता भाऊ आहे तुझा. असाच गेला तर तुलाच जड जाईल."

मला ते आधीच जड जात होतं. पण हे त्याला सांगितलं असतं तर त्याने मला हाताला धरून नेलं असतं.

त्याच आठवड्यात उल्हासनगरहून शेठचा फोन आला. कॅम्प चारमध्ये फर्निचरच्या कारखान्यांमागे त्याचं जुन्या मालाचं गोडाऊन आहे. तो सिंधी. मला 'अदी' म्हणतो, म्हणजे बहीण. हाक मारताना मी त्याची बहीण असते, भाव सांगताना नसते, हे मला पहिल्याच सौद्यात कळलं होतं. मागे त्याने मला एक शटरचा टीव्ही दाखवला होता. शटर जुनं, पाय नवे, पडद्याच्या जागी चक्क मोबाइलला जोडायचा स्पीकर. असल्या वस्तूंचा मला भयंकर राग येतो. वरून आजोबा आणि आत नातू, ही शुद्ध फसवणूक आहे. असले सेट दुरुस्तीला आले तर मी दारातूनच परत पाठवते.

"अदी, बदलापूर साइड के एक फार्महाऊस से माल उठाया है," शेठ म्हणाला. "आके देख लो, बाद में बोलना नहीं के बताया नहीं।"

गोडाऊनमध्ये सोफ्यांच्या सांगाड्यांमागे चार-पाच रेडिओ रचून ठेवले होते. मी एकेक बघत गेले. शेवटच्या रेडिओपाशी आले आणि हात आपोआप मागे आला. तीन बटणं गुळगुळीत. चौथं लाकडाचं, ओबडधोबड.

आनंद व्हायला हवा होता. मला पहिला विचार आला तो हा, की शेठला हे कोणी सांगितलं? माझ्या बाबांचा रेडिओ कसा होता हे काढून घेऊन त्याने तसाच बनवून ठेवला की काय?

"ये बटन किसने लगाया?" मी विचारलं.

"जैसा आया वैसा है, अदी। झूलेलाल की कसम।"

मी बटणावरून अंगठा फिरवला. एका बाजूला कोयत्याचं लोखंड बसायची खाच अजून होती. खाचेसकट कोण नक्कल करणार? रेडिओ बाबांचाच होता. मग मी तो उलटा फिरवला.

पाठीवरच्या सगळ्या स्क्रूंवर लाल ठिपके होते, पण ते माझे नव्हते. माझी नेलपॉलिश पातळ आणि चकचकीत. हे ठिपके जाड, मळकट, विटकरीकडे झुकलेले. पर्समधलं भिंग काढून बघितलं, तर तळाशी माझाच ठिपका, मधोमध चिरलेला, आणि त्याच्यावर हे दुसरं लाल. थोडक्यात, कोणीतरी रेडिओ उघडला होता आणि ते कळू नये म्हणून माझ्या सीलवर स्वतःचं सील मारलं होतं. इतक्या वर्षांत मी डुप्लिकेट व्हॉल्व्ह बघितले, डुप्लिकेट पाट्या बघितल्या, पण माझ्या ठिपक्यांची डुप्लिकेट पहिल्यांदाच बघत होते.

"आपने खोला?"

"मैं?" शेठने दोन्ही हात वर केले. "अदी, मेरे को पेचकस पकडना भी नहीं आता।"

हे मात्र खरं होतं, स्क्रूड्रायव्हर त्याला धरता येत नाही. फसवायचं काम तो दुसऱ्यांकडून करून घेतो. मी घासाघीस न करता रेडिओ उचलला तेव्हा त्यालाच माझा संशय आला. रिक्षात बसेपर्यंत तो मागून बघत होता.

घरी आल्यावर मी जेवणसुद्धा बाजूला ठेवलं आणि पाठ उघडली. रिकामा खोका बघायची मनाची तयारी होती. पण सगळे व्हॉल्व्ह आपापल्या जागी होते. धुळीने माखलेले, पण अख्खे. एकही विकला गेला नव्हता.

चोर यावा, कुलूप तोडावं, दार परत नीट लावावं आणि काही न नेता निघून जावं, असला हा प्रकार होता. दादाने व्हॉल्व्ह विकले यावर मी इतकी वर्षं जगले होते. ते समोर बघून मला हायसं वाटलं नाही, उलट बुडाखालचा पाट कोणी ओढून घेतल्यासारखं झालं.

आत आणखी गोष्टी होत्या. खोक्याच्या खालच्या कोपऱ्यात खिळा मारून सुतळीचा फास बांधलेला, काहीतरी अडकवून ठेवायला. मोठ्या बटणाच्या मागे जो स्विच असतो त्याच्या मूळच्या तारा कापलेल्या आणि त्या जागी दोन बारीक तारा जोडलेल्या. जोडकाम इतकं वाईट की सोल्डरचे बोराएवढे गोळे झाले होते. केंद्र दाखवणाऱ्या काट्याच्या काचेमागे मूळ दिव्याऐवजी बॅटरीतला छोटा बल्ब. आणि पाठीवरचे ते ठिपके एकदा लावलेले नव्हते. थरावर थर होते. रेडिओ एकदा नाही, पुष्कळ वेळा उघडला गेला होता.

"कोणीतरी यात वस्तू लपवत होतं," मी नवऱ्याला म्हटलं. "सुतळीत अडकवायची, काढायची, परत ठेवायची. दर वेळी सील मारायचं."

"काय लपवत होतं? शेव?" तो म्हणाला आणि मग स्वतःच गडबडला.

"पाणी कुठेतरी मुरतंय."

"तू सुतावरून स्वर्ग गाठतेस. भावाला फोन कर आणि विचार."

मी फोन केला नाही. ठिपका कशाचा आहे ते बघायला म्हणून नखाने खरवडला. नेलपॉलिशचे कपचे निघतात. हे मऊ होतं, नखात घुसलं. बोटांनी चोळलं तर बोट लाल झालं. नाकाशी नेलं आणि मी पाटावरून उठलेच.

मेण होतं. मेणावर कुंकू.

आमच्या आईच्या करंड्याला दोन खण होते, एकात मेण, एकात कुंकू. आधी कपाळाला मेणाचं बोट, त्यावर कुंकू, म्हणजे दिवसभर हलत नाही. तो वास मी आंधळी झाले तरी ओळखेन. याचा अर्थ रेडिओ शेठने उघडला नव्हता, फार्महाऊसवाल्यांनीही नाही. आमच्याच घरात, आईच्या करंड्यासमोर बसून कोणीतरी तो उघडत होतं आणि झाकत होतं. आई तर तेव्हा गेलेली. बाबा अंथरुणावर.

माणूस एकच उरत होता, आणि माझा राग पुन्हा पेटला. पुन्हा पुन्हा पाठ उघडून दादा करत काय होता? तोंडावर विचारायचं असं मी ठरवलं. रविवारी मी कुळगावला गेले ती निरोप द्यायला नाही, त्याला पकडायला गेले. नवऱ्याने रेडिओ रिक्षात ठेवून दिला आणि म्हणाला, "जातेयस ना, बस. कारण काही का असेना."

घरात खोके बांधून तयार होते. दादा खाटेवर बसून चष्मा पुसत होता. मी रेडिओ त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला, पाठ त्याच्याकडे करून. त्याने चष्मा लावला आणि वाकून बघितलं.

"ह्यो तुला कुठं मिळाला?"

"ते मग सांगते. हे मेण-कुंकू कोणी लावलं?"

त्याने एका ठिपक्यावर बोट टेकवलं. वहिनी चहाचे कप घेऊन दारातच थांबली.

"मीच," तो म्हणाला.

"किती वेळा उघडलास?"

"मोजलंय कोनी? सेल संपले का उघडायचा."

"कसले सेल? हा विजेवर चालतो."

दादा उठला. बांधलेल्या एका खोक्याची दोरी सोडून त्याने आतून तळहाताएवढा ट्रान्झिस्टर काढला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या मागून दोन बारीक तारा लोंबत होत्या. रेडिओच्या आत होत्या तशाच.

"बाबांचा रेडिओ बंद पडला," तो सांगायला लागला. "तू बडोद्याला. बाबा रोज संध्याकाळी उठून बसायचे, बटन फिरवायचे आन् कान लावायचे. आवाज नाय आला का मना बोलायचे, आज केंद्र बंद दिसतंय रं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मना बघवलं नाय. मंग ह्यो आनला आन् आत बांधला. त्यांनी त्यांचं बटन फिरवलं का ह्यो चालू व्हायचा. उजेड दिसावा म्हनून बॅटरीचा बल्ब लावला."

"त्यांना कळलं नाही?"

"नाय. उलटं बोलायचे, पोरीनं साफ केलाय तवापासून कसा गातो बघ."

माझ्या हातातला ट्रान्झिस्टर एकदम जड झाला. वरून आजोबा, आत नातू. मी ज्यांना दारातून हाकलते तसलाच हा सेट होता, आणि माझ्या बाबांनी शेवटची गाणी त्याच्यावर ऐकली होती.

"आणि कुंकू?"

"तू लावलं व्हतंस ना," दादा साधेपणाने म्हणाला. "मी ईचारलं तं बोललीस, लावायचं असतं. मना वाटलं, तुमच्या कारखान्याची पूजा असंल, खंडेनवमीवानी. पाठ उघडली तवा तुझी पूजा मोडली. मंग आईचा करंडा काढला आन् परत लावलं. दर वेळी लावलं, राहायला नको म्हनून."

मला रडू फुटलं आणि फुटल्याचा रागही आला. "मग मला का नाही दिलास? भंगारात का घातलास?"

"तुला दिला असता तं तू पयली पाठ बघितली असतीस," तो म्हणाला. "मग उघडला असतास. माझं काम बघून शिव्या दिल्या असत्यास, त्याचं काय नाय. पन बाबांना शेवटी खोटा रेडिओ ऐकवला, ह्ये तुला कळलं असतं. तू तं खोट्याला सोडत नाय."

मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पाठ उघडली. व्हॉल्व्हना हात लावला नाही. ट्रान्झिस्टर सुतळीच्या फासात बसवला, तारेला तार पिळली, वहिनीने भिंतीवरच्या घड्याळातला आणि टीव्हीच्या रिमोटमधले असे सेल काढून दिले. पाठ लावून रेडिओ सरळ फिरवला तेव्हा दादाने हात पुढे केला आणि लाकडाचं बटण चाचपलं, मग शेजारचं मोठं फिरवलं. काचेमागे पिवळट उजेड आला. खरखर झाली आणि खरखरीतून कोणीतरी बातम्या सांगायला लागलं. आम्ही तिघांनी सगळ्या बातम्या ऐकल्या, हवामानासकट.

नंतर मी स्क्रू आवळले. वहिनीने न सांगता करंडा पुढे केला. माझ्या पिशवीत नेलपॉलिशची बाटली होती. मी दोन्हीला हात लावला नाही. स्क्रू तसेच ठेवले, नुसते.

"पुण्याला घेऊन जा," मी दादाला म्हटलं. "आणि बिघडला तर उघड."

तो बघत राहिला. एकदा स्क्रूंकडे, एकदा माझ्याकडे. मग मान वळवून वहिनीला हळूच म्हणाला, "हिला काय तरी पायजे असंल."

त्याचा संशय खरा होता. त्याने जाऊ नये एवढंच मला हवं होतं, आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.